मनगटांची फुली

“फ्लॅप बघितलेस?” भालचंद्रनं विचारलं.

“बघितलेत. काल दुकानात. दोन्ही विमानांचे.”

“नीट खाली येतात?”

“अरे, माझ्या हातची वायर आहे ती. आता उडवतोस की ऊन उतरायची वाट बघतोस?”

तो हसला. रिमोट गळ्यात अडकवून त्यानं विमानाच्या मागे उभं राहून त्यावरची काठी डावीकडे-उजवीकडे हलवली. पंखांवरच्या पट्ट्या एक वर, एक खाली, बरोबर हलल्या. मी इंजिन चालू केलं आणि तांबडं विमान वाळूवरून उड्या मारत वर गेलं.

भालचंद्र तारळेकर आमच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचा. मी रमाकांत डोईफोडे, स्टँडसमोर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचो. विमानं तो बनवायचा, त्यातली वायरिंग मी करायचो. उडवायचा तोच. चार वर्षांत मी वर गेलेलं विमान हवेत फिरवायला शिकलो होतो, पण एकदाही उतरवलेलं नव्हतं. उतरवायची वेळ आली की तो म्हणायचा, “दे इकडे,” आणि मी मुकाट्यानं द्यायचो.

उतरवायची जागाच तशी होती. धरणाखालच्या आमच्या गावात उन्हाळ्यात नदी नावापुरतीच असते. गोट्यांतून घोटाभर पाणी वाहतं, मधोमध एक मोठा काळा खडक आहे. त्याला म्हसोबा म्हणतात. त्याच्या माथ्याच्या जरा खाली शेंदूर फासलेला. अलीकडच्या काठाला वाळूचा सपाट पट्टा, जेमतेम साठ पावलांचा, आणि तो संपला की बाभळी. विमान जरा वेगात आलं की थेट काट्यांत. चार वर्षं आम्ही पंखांना ठिगळं लावत होतो.

मग भालचंद्रनं कुठल्याशा मासिकात फ्लॅपेरॉन वाचलं. पंखांच्या मागच्या कडेला ज्या दोन पट्ट्या असतात, त्या एक वर, एक खाली झाल्या की विमान कलतं. पण प्रत्येक पट्टीला स्वतंत्र मोटर बसवली, तर रिमोटवरचं एक बटण दाबून दोन्ही एकदम खाली वाकवता येतात, तेच फ्लॅप. मग विमानाचा वेग मरतो आणि ते तरंगत, सावकाश खाली येतं. साठ पावलं त्याला भरपूर झाली. नवं तांबडं विमान त्यानं त्यासाठीच बनवलं, आणि जुन्या पिवळ्यालाही तशाच मोटरी बसवल्या. वायरी मी ओढल्या. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी लावून ‘डावी’, ‘उजवी’ लिहिलं. त्या अक्षरांचाही मला अभिमान होता, काय सांगू.

दहा मिनिटं तांबडं झकास उडालं. मग भालचंद्र म्हणाला, “आता बघ हं.” त्यानं विमान नदीवरून वळवून वाळूच्या पट्ट्याकडे आणलं आणि बटण खाली ओढलं.

विमान तरंगलं नाही. हातातली पिशवी निसटावी तसं सरळ खाली पडलं. म्हसोबाच्या खडकावर आपटल्याचा आवाज आला आणि इंजिन बंद झालं.

“बघितलंस?” मी ओरडलो. “तुला सांगत होतो, हे फ्लॅपबिप नकोत म्हणून! घाई केलीस. वेग होता तोवर बटण दाबायचं, की नसताना?”

“वेग होता रे,” तो पुटपुटला. त्यानं बटण परत वर केलं. “वेग बरोबर होता.”

“मग विमान काय झोपलं का मधेच? मास्तर, तुमचा हात चुकला. कबूल करा आणि घेऊन या त्याला.”

त्यानं रिमोट माझ्या गळ्यात घातला, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गोट्यांवरून पाय टाकत खडकाकडे गेला. शंभर पावलंही नसतील.

मी पिवळं बाहेर काढलं. त्याचं इंजिन आदल्या रविवारपासून कुरकुरत होतं. ते चालू करून पूर्ण वेगावर ठेवलं आणि इंधन कमी-जास्त करायची सुई फिरवत बसलो. ज्यांनी अशा इंजिनाजवळ कान दिलाय त्यांना माहीत आहे, दुसरं काही ऐकू येत नाही. वीजघर चालू करण्याआधी धरणावर भोंगा वाजतो. तो वाजला आणि अर्ध्या तासात आमच्याकडे पाणी येतं. गावातलं शेंबडं पोरही भोंगा ऐकून नदीतून बाहेर येतं. तो भोंगा माझ्या इंजिनात बुडाला. खडकावर बसलेल्या भालचंद्रलाही ऐकू गेला नाही, कारण माझं इंजिन त्याच्या आणि धरणाच्या मधे होतं.

इंजिन बंद केलं तेव्हा पाण्याचाच आवाज आला.

मान वर केली. आम्ही आलो तेव्हा ज्या गोट्यांवर चिमण्या बसल्या होत्या ते गोटे दिसत नव्हते. खडकावर भालचंद्र पाठमोरा बसून विमानाच्या पोटात काहीतरी बघत होता.

“भाल्या! पाणी!”

तो वळला, उठला, खाली उतरला. दोन पावलांत पाणी मांडीला लागलं आणि तिसऱ्याला त्याचा पाय घसरला. खडकाची कड हातात सापडली म्हणून वाचला. तो परत वर चढला आणि तिथूनच त्यानं हात हलवून मला थांब अशी खूण केली. मी पाण्यात उतरलोच होतो. मला पोहता येत नाही, पण त्या वेळी ते लक्षात नव्हतं.

मी बोंब ठोकली. नदीकाठच्या झोपडीतून गजाबा भोई धावत आला. पन्नाशीचा माणूस, सगळा जन्म पाण्यात गेलेला. त्यानं एकदाच खडकाकडे बघितलं.

“आजून कंबरभर चढंल,” तो म्हणाला. “शेंदूर बुडला की मानूस टिकत न्हाई त्या खडकावर. म्या बघितलंय.”

“किती वेळ?”

“तासभर. कमीच.”

त्यानं ट्रकची हवा भरलेली ट्यूब अंगात घालून वरच्या अंगानं उडी घेतली. अर्ध्यापर्यंत गेला, मग पाण्यानं त्याला उचललं आणि खडकापासून दोन हातांवरून घेऊन गेलं. पार खालच्या वळणावर तो बाहेर आला. परत येताना त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. एकजण मोटरसायकल घेऊन धरणावर गेला. पण वरून दार लावलं तरी वाटेत असलेलं पाणी यायचंच होतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

तेवढ्यात सुलू वहिनी आल्या, भालचंद्रची बायको. कुणीतरी घरी सांगितलं असावं. चपला हातात, पदर खोचलेला. या खेळाचा त्यांना मनस्वी राग. आम्ही अंगणात विमान जोडायला बसलो की म्हणायच्या, “दोन बाप्ये आणि खेळणी बघा.” आज त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. खडकाकडे बघत उभ्या राहिल्या.

“दोर टाकता येत नाही का हो तिथवर?” त्यांनी गजाबाला विचारलं.

“धा जणांनी फेकला तरी न्हाई जायचा, बाई.”

“मग ते दुसरं विमान काय बघायला आणलंय?” त्या एकदम माझ्याकडे वळल्या. “जातं ना ते तिथवर? त्याला दोरी बांधा की.”

मला स्वतःला हे सुचलं नव्हतं. चार वर्षं मी विमानं जोडत होतो आणि मला सुचलं नव्हतं.

“वहिनी, मी कधी...” मी म्हणालो आणि थांबलो. कधी उतरवलेलं नाही, असं म्हणणार होतो. पण इथे उतरवायचं कुठे होतं?

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “मी तुमच्या पाया पडते.”

गजाबानं झोपडीतून गळाच्या तंगुसाचं रीळ आणलं. तंगूस बारीक पण चिवट. त्याच्या मागे सुतळी, सुतळीच्या मागे विहिरीचा नाडा, असा त्याचा हिशेब. तंगुसाचं टोक मी पिवळ्याच्या चाकांच्या तारेला बांधलं. बाकीची तंगूस वाळूवर नागमोडी पसरली, म्हणजे ओढली की अडकायला नको. गाठ तीनदा बांधली.

“खडकाच्या वरच्या अंगानं न्या,” गजाबा म्हणाला. “पानी आणंल दोरी त्याच्याकडं.”

मी इंजिन चालू केलं. गजाबानं विमान डोक्यावर धरून चार पावलं पळत ते फेकलं. पिवळं सुसाट निघालं. वाळूवरची तंगूस सापासारखी सुटत गेली. निम्मं अंतर गेलं असेल, कुठल्यातरी गोट्याखाली ती अडकली. टंग असा आवाज आला. तंगूस तुटली आणि विमान मोकळं होऊन नदीपार गेलं.

वहिनींनी खाली बसकण मारली.

आता विमान हवेत होतं, आणि ते हवं असेल तर मला ते उतरवायचं होतं. “दे इकडे” म्हणणारा खडकावर उभा होता. मी ते वळवलं, वाळूच्या पट्ट्याच्या समोर आणलं, खाली, अजून खाली. आपटलं, उसळलं, परत आपटलं आणि बाभळीच्या दोन हात अलीकडे नाक वाळूत खुपसून थांबलं. नाकावरचा पंखा मोडला. बाकी काही नाही. दुसरा पंखा डब्यात होता, तो चढवायला घेतला.

“लई वेगात गेलं,” गजाबा लंगडत येऊन म्हणाला. “झटक्यानं तुटती ती. सावकाश जात न्हाई का ह्ये?”

जातं ना. एका बटणानं जातं. त्याच बटणानं तासाभरापूर्वी तांबडं खडकावर आपटलं होतं.

मी खडकाकडे बघितलं. पाणी शेंदराच्या वीतभर खाली आलं होतं. भालचंद्र तांबड्या विमानाचा सांगाडा पोटाशी धरून उभा होता. पाणी आल्यापासून तो तसाच उभा होता. मघाशी मी तंगूस बांधत असताना एकदा त्यानं दोन्ही हात वर नेले होते, आणि अर्ध्यातच खाली घेतले होते. मला वाटलं होतं, धीर सुटतोय त्याचा.

आता मात्र त्यानं सांगाडा पायाशी ठेवला. हात डोक्यावर नेले आणि दोन्ही मनगटांची फुली केली. सोडवली. परत फुली केली. मग एक तळहात आडवा धरून तो उलटा करून दाखवला.

“काय म्हणत्यात?” गजाबानं विचारलं.

“नको म्हणतायत,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता. “निरोप घेतायत ते, भाऊजी. पुरे करा म्हणतायत.”

भालचंद्रनं तिसऱ्यांदा फुली केली. मी फुलीवरून नजर काढून पिवळ्याच्या पंखांकडे बघितलं.

पिवळं माझ्यासमोर वाळूत सरळ उभं होतं. मी रिमोटचं बटण खाली ओढलं.

दोन्ही पट्ट्या वर उभ्या राहिल्या.

खाली वाकायला हव्या होत्या. वर उभ्या राहिल्या. पट्ट्या अशा वर झाल्या की पंखांतला जोर जातो आणि विमान धोंड्यासारखं खाली येतं. तांबडं तसंच आलं होतं.

आदल्या दिवशी दुकानात मी पंख टेबलावर पालथे घातले होते. मोटरी खालच्या बाजूला असतात, वायरी लावायला ते सोयीचं. पालथ्या पंखाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. मी आपल्याकडून बघून ‘डावी’, ‘उजवी’ लिहिलं आणि अदलाबदल करून बसलो. मग तशाच पालथ्या पंखावर बटण दाबलं. पट्ट्या खाली जाताना दिसल्या, कारण पंखच उलटा होता. झकास, म्हणालो आणि चहा मागवला. डाव्या-उजव्या कलण्याला या अदलाबदलीनं काही होत नाही, दोन्ही मोटरींना तो हुकूम सारखाच जातो. म्हणून भालचंद्रनं काठी हलवून बघितली तेव्हा सगळं ठीक दिसलं. उलटे झाले ते फक्त फ्लॅप. आणि फ्लॅपचं त्यानं मला विचारलं होतं.

भालचंद्रनं खडकावर तांबड्याचं पोट उघडलं होतं. ‘डावी’ लिहिलेली वायर उजव्या पंखात जाताना त्यानं बघितली होती. माझ्या त्या सुंदर अक्षरात. फुली म्हणजे अदलाबदल झालेल्या त्या दोन वायरी होत्या, उलटा तळहात म्हणजे पालथा पंख.

“भाऊजी, काय म्हणतायत ते?” वहिनी माझा दंड हलवत होत्या.

“काही नाही,” मी म्हणालो. “उडव म्हणतोय.”

हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी पंख आवळून धरणारे रबर काढले, दोन वायरी उपसल्या, एकमेकींच्या जागी खुपसल्या, रबर परत चढवले. बटण ओढलं. पट्ट्या खाली वाकल्या. मनात एकच चाललं होतं, तू मारलंस त्याला, रम्या, तू त्याला तिथे पाठवलंस आणि वर त्याच्यावरच ओरडलास.

“वाळूवर नको,” वहिनी म्हणाल्या. आम्ही विमानं जोडायला आणलेली सतरंजी त्यांनी ओढून पसरली आणि नवी तंगूस स्वतःच्या हातानं तिच्यावर घातली. वेटोळ्यावर वेटोळं, एकही गुंता नाही.

भालचंद्रच्या पायांखाली शेंदूर दिसेनासा झाला होता. पाणी त्याच्या घोट्यांवरून जात होतं.

“फेक!” मी म्हणालो.

पिवळं गेलं. चार हात वर चढू दिलं आणि बटण ओढलं. नाक एकदम वर उचललं गेलं. मी काठी पुढे दाबली. ते सावरलं आणि मग अगदी हळू, इतकं हळू की आता पडेल, आता पडेल असं वाटत, ते नदीवर निघालं. मागे तंगूस सतरंजीवरून निमूट उलगडत होती. वारा आडवा होता, उजवा पंख खाली जायला लागला. मी हलकेच सावरलं. जोरात सावरलं असतं तर उलटं झालं असतं, हे भालचंद्रनं मला शंभर वेळा सांगितलं होतं आणि मी शंभर वेळा “हो रे बाबा” म्हटलं होतं.

खडकाच्या वरच्या अंगानं ते पुढे गेलं. मी इंजिन बंद केलं. विमान पलीकडे पाण्यात पडलं, तंगूस पाण्यावर उतरली, आणि पाण्यानं ती आणून भालचंद्रच्या पोटरीला लावली.

त्यानं ती पकडली.

तंगुसाच्या मागे सुतळी गेली, सुतळीच्या मागे नाडा. तो ओढत होता, मध्ये एकदा गुडघ्यावर पडला. नाडा काखेतून बांधून झाल्यावर त्यानं एक गोष्ट केली. तांबड्या विमानाचा सांगाडा इतका वेळ त्यानं पायाच्या कपारीत दाबून धरला होता. तो उचलला आणि पाण्यात सोडून दिला. वाहून गेला नाही, सोडून दिला. त्या वायरी आता कुणाला दिसणार नव्हत्या. मला काय वाटलं ते सांगतो. मला बरं वाटलं. माझा मित्र पाण्यात उभा होता आणि मला आधी त्या वायरी गेल्याचं बरं वाटलं.

मग त्यानं उडी घेतली. आम्ही आठ-दहा जण नाड्याला होतो. तो बुडाला, वर आला, परत बुडाला आणि बराच वेळ वर आला नाही. नाडा मात्र जड होता. गजाबा “सोडू नगा, सोडू नगा” करत होता. पाण्यानं भालचंद्रला वळसा घालून खालच्या बाजूनं काठाला आणलं. त्याला पालथा घालून पाणी काढलं. तो खोकला, ओकला आणि डोळे उघडले. सुलू वहिनींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याच पाठीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडल्या.

भालचंद्र माझ्याकडे बघत होता. “विमान बुडवलंस की रे,” तो म्हणाला. बस, एवढंच.

पुढच्या आठवड्यात हायस्कूलच्या पटांगणात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, हेडमास्तरांचं भाषण. भालचंद्रला दोन शब्द बोलायला लावलं. तो म्हणाला, “चूक माझीच. फ्लॅप घाईनं लावले. रमाकांत नेहमी म्हणतो तसा माझा हात चुकला.” लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी शाल पांघरून बसलो होतो. त्या क्षणी उठून बोलायला हवं होतं. उठलो नाही. दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं, मग रविवारी बोलू म्हटलं. आम्ही आणखी विमानं केली. दर वेळी पट्ट्या मीच तपासायचो, विमान सरळ उभं करून, तीन-तीनदा. तो गंमतीनं शिट्टी वाजवत उभा राहायचा. एकदाही त्यानं त्या दिवसाचं नाव काढलं नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीपासून सुलू वहिनी मला भाऊबीजेला ओवाळायला लागल्या. त्यांना सख्खा भाऊ नव्हता. “माझं कुंकू राखलंत तुम्ही, दादा,” असं त्या दरवर्षी म्हणायच्या आणि मी ओवाळणी ताटात टाकून घाईनं उठायचो. ताट हातात घेतल्यावर त्या ओवाळण्याआधी जरा थांबायच्या. निरांजनाची वात सावरत असतील, असं मला वाटायचं.

चौदा वर्षं असं चाललं. भालचंद्र गेला तो घरात, खुर्चीत बसल्या बसल्या, छातीत कळ येऊन. पहिली भाऊबीज दुखवट्यात गेली. त्याला जाऊन दीड वर्ष झालं तेव्हा पुढची आली. मला वाटलं याही वर्षी बोलावणार नाहीत. पण फोन आला, “दादा, पाट मांडलाय.”

मी पाटावर बसलो. समोर भिंतीवर त्याचा फोटो. वहिनींनी ताट हातात घेतलं आणि मला ते सहन होईना.

“वहिनी, ठेवा ते ताट,” मी म्हणालो. “मला ओवाळू नका. तांबडं विमान माझ्यामुळे पडलं होतं. वायरी मी उलट्या लावल्या होत्या. त्याची काही चूक नव्हती. त्या फुलीचा अर्थ तो होता, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो.” सगळं एका दमात बोललो. बोलताना मी फरशीकडे बघत होतो.

त्यांनी ताट ठेवलं नाही.

“त्याच दिवशी सांगितलं त्यांनी मला,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यातून घरी आल्या आल्या. म्हणाले, खडकावर मला वायरी दिसल्या आणि पाण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली. सांगावं तर रम्याचे हात गळतील, मग विमान कोण उडवणार? न सांगावं तर दुसरंही पडेल. किती वेळ नुसता उभा होतो, म्हणाले.”

अर्ध्यातून खाली घेतलेले हात मला दिसले.

“मला म्हणाले, रमाकांतला कळू देऊ नकोस की तुला माहीत आहे. यायचा बंद होईल तो. त्याचं त्याला सांगू दे.” त्यांनी फोटोकडे बघितलं. “वाट बघायचे हो ते. तुम्ही रविवारी विमान घेऊन आलात की मला आतून विचारायचे, काही बोलला का गं?”

मला रडू आवरेना. भालचंद्र होता तोवर बोलायला चौदा वर्षं होती, आणि मी आज बोललो होतो.

“दादा,” वहिनी म्हणाल्या, “दरवर्षी ताट हातात धरून मी जरा थांबायची. लक्षात आलं होतं का तुमच्या? वाटायचं, आज सांगतील.”

“वात सावरताय असं वाटायचं,” मी म्हणालो.

या वेळी त्या थांबल्या नाहीत. “टोपी नीट करा,” म्हणाल्या, आणि ओवाळलं.